पुरुषांचे अश्रू

(मंडळीच्या साप्ताहिक अभ्यासासाठी पाठ)

वाचावयाचे भाग : उत्पत्ति, अध्याय ४२ ते ४५, २ शमुवेल, अध्याय १८ व १९, योहान, अध्याय ११.

प्रास्ताविक

आपल्या मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात घरी मयत झाली म्हणजे एक गोष्ट नित्य दृष्टीस पडते. आतल्या घरात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून आक्रोश करितात. नवी पाहुणी दारातच गळा काढते, आणि घरच्या बाईच्या दुःखाला पुन्हा वाट मिळते. बाहेर ओट्यावर किंवा लिंबाच्या सावलीत पुरुष बसलेले असतात. कोणाला निरोप गेला, पाहुणे कोठवर आले, खड्डा कोणी खणावयाचा, ह्याच गोष्टी ते बोलतात. ज्याचा बाप अथवा ज्याचे लेकरू गेले तो पुरुषही त्यांच्यातच बसलेला असतो. त्याचा कंठ दाटून आला तर कोणी वडीलधारा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "गड्या, तूच असा खचलास तर घरच्यांनी कोणाकडे पाहावे?" बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असा उतरतो की, ह्या घरात सर्वांना रडण्याची मोकळीक आहे, मला मात्र नाही.

हा धडा त्याने त्याच दिवशी प्रथम ऐकला असे नाही. चार वर्षांचा असताना अंगणात पडून गुडघा फुटला, तेव्हाच त्याला सांगण्यात आले होते की, मुलीसारखे रडू नये. शाळेत सोबत्यांनी त्याला "रडूबाई" म्हटले. मोठेपणी कोणी "हातात बांगड्या भर" असे हिणविले. ह्या बोलांमध्ये दोघांचा अपमान आहे. पुरुषाचा अपमान तर उघडच आहे. पण स्त्रीसारखे असणे म्हणजे हलके असणे, असे त्यात गृहीत धरलेले असल्यामुळे आपल्या आयाबहिणींचाही तो अपमानच आहे.

हा नियम निसर्गाने घातला आहे, की माणसांनी? आपल्या भूमीतील थोर पुरुषांनी तो पाळला काय? शास्त्र त्याविषयी काय दाखविते? आणि जे दुःख रडून बाहेर पडत नाही ते जाते कोठे? हे चार प्रश्न आपण क्रमाने पाहू, आणि शेवटी मंडळीचे कर्तव्य काय ह्याचा विचार करू.

१. हा नियम निसर्गाचा आहे काय?

डोळ्यांचे पाणी तीन प्रकारचे असते असे शरीरशास्त्र सांगते. पहिले डोळा सदा ओला ठेवते. दुसरे धूर, कांदा किंवा कचरा डोळ्यांत गेला असता त्याला धुऊन काढण्यासाठी येते. तिसरे मन हेलावले म्हणजे येते. हे तिन्ही प्रकारचे पाणी देणारी ग्रंथी पुरुषाच्या डोळ्याजवळही आहे आणि स्त्रीच्याही. चुलीच्या धुराने पुरुषाच्या डोळ्यांत पाणी आले तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मनाच्या धगीने आले की मात्र म्हणतात.

तान्ह्या मुलांकडे पाहा. पाळण्यातला मुलगा आणि पाळण्यातली मुलगी ह्यांच्या रडण्यात फारसे अंतर नसते, असे अभ्यासकांना आढळले आहे. अंतर पडू लागते ते अकरा ते तेरा वर्षांच्या सुमारास, म्हणजे मुलगा पुरुष होऊ लागतो तेव्हा. अमेरिकेतील शास्त्रज्ञ विल्यम फ्राय ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात ह्या विषयाची पाहणी केली. तीत स्त्रिया महिन्यातून सरासरी पाच वेळा आणि पुरुष एखाद्या वेळीच रडतात असे दिसून आले. ह्यात शरीराच्या घडणीचा काही वाटा असेल. परंतु सर्वच शरीराचे असते तर हे अंतर सर्व देशांत सारखेच भरले असते. तसे ते भरत नाही. नेदरलँड्स देशातील आड फिंगरहुट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी ३७ देशांतील माणसांच्या रडण्याची तुलना केली. तेव्हा हे अंतर देशादेशाप्रमाणे बदलते असे दिसले. अर्थात नियमाचा पुष्कळ भाग शिकविलेला आहे. आणि जे शिकविले गेले त्याचा फेरविचार करता येतो.

२. आपल्या भूमीतील पुरुष

कोणी म्हणेल, "हे परदेशचे ज्ञान झाले. आपली रीत निराळी." तर मग आपलीच रीत पाहू.

आपल्या समाजाने पुरुषाला रडण्याची बंदी सरसकट घातलेली नाही. त्याने कुंपण घालून काही जागा मोकळ्या ठेविल्या आहेत. लेकीची पाठवणी होत असता बाप रडला तर त्याला कोणी नामर्द म्हणत नाही. उलट जो रडला नाही त्याच्याविषयीच लोक कुजबुजतात. कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकाच्या चौथ्या अंकात अरण्यात राहणारा तपस्वी कण्व आपल्या मानलेल्या लेकीला निरोप देताना गहिवरतो, आणि तोच अंक रसिक सर्वांत थोर मानीत आले आहेत. कीर्तनात एखाद्या वारकऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या तर लोक त्याच्या पाया पडतात; कारण अश्रूंची गणना आठ सात्त्विक भावांत केलेली आहे. ह्यावरून काय दिसते? पुरुषाच्या अश्रूंची लाज आपल्या पूर्वजांना नव्हती. त्यांच्यासाठी राखलेली जागा मात्र पुढे फार अरुंद झाली.

आता आपल्याच परिसरातील एका पुरुषाकडे वळू. जवळा बाजार ज्या तालुक्यात आहे त्या औंढा नागनाथाशी आणि ह्याच हिंगोली जिल्ह्यातील नर्सी गावाशी संत नामदेवांचे नाव जोडलेले आहे. इ. स. १२७० मध्ये नर्सीस त्यांचा जन्म झाला अशी परंपरा आहे, आणि औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर हे गुरू त्यांना भेटले असे सांगतात. हे शिंपी कुळातील पुरुष पुढे पंजाबापर्यंत गेले. शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. अशा पुरुषाला दुर्बळ कोण म्हणेल? तरी १२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावाने चालत आलेले अभंग पाहा. त्यांत जमलेल्या संतांचा शोक किंचितही लपविलेला नाही. विशेष लक्ष द्यावे ते निवृत्तिनाथांकडे. ते वडील बंधू आणि ज्ञानदेवांचे गुरू. मन शांत ठेवण्याची विद्या ज्यांनी इतरांना शिकविली, त्यांनी तरी त्या दिवशी कोरडे राहावे अशी कोणाचीही अपेक्षा असती. परंतु बांधलेले तळे फुटून पाणी चहूकडे धावावे, तशी त्यांच्या दुःखाची स्थिती त्या अभंगांत वर्णिली आहे. हे वाचून निवृत्तिनाथांविषयीचा कोणाचा आदर कमी झाला असे सातशे वर्षांत ऐकिवात नाही.

तळ्याची हीच उपमा त्याहूनही कित्येक शतके आधी विदर्भात जन्मलेल्या भवभूति कवीने 'उत्तररामचरित' नाटकात योजिली आहे. सीतेच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या रामाविषयी तेथे म्हटले आहे की, तळे तुडुंब भरले म्हणजे जादा पाणी वाहू देणे हाच उपाय असतो, आणि शोकाने भरलेले अंतःकरण विलापानेच तग धरते. आपल्या भागातील शेतकऱ्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत. पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे दरवाजे उघडतात. दरवाजे उघडले म्हणून धरण दुबळे आहे असे कोणी म्हणत नाही. ज्या धरणाला सांडवाच नाही, त्याच्या खालच्या गावाने मात्र रात्री जागे राहावे.

अलीकडच्या काळातील दोन पुरुष पाहा. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्याएवढा करारी पुरुष महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. त्यांना आणि रमाबाईंना आपली चार लेकरे मातीआड करावी लागली. १९२६ साली धाकटा राजरत्न गेल्यावर त्यांनी एका मित्राला पत्र लिहिले, त्यात आपल्या मोडलेल्या मनाची स्थिती जराही झाकली नाही. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हाचा त्यांचा शोक चरित्रकार धनंजय कीर ह्यांनी नमूद केला आहे. पुढे पाकिस्तानाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी त्याच पत्नीच्या स्मृतीला अर्पण केला. महाडच्या तळ्यावर उभा राहणारा आणि राज्यघटनेचा मसुदा घडविणारा पुरुष तोच, आणि पत्नीसाठी रडणाराही तोच.

दुसरे साने गुरुजी. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यांच्या लेखनात अश्रू फार, म्हणून पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. पण थट्टा करणाऱ्यांनी हे पाहावे की, हाच हळवा शिक्षक १९३० साली शाळेची नोकरी सोडून सत्याग्रहात गेला आणि वारंवार तुरुंगात राहिला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य गणलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्याने प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि ते दार उघडले. ज्याचे डोळे परक्याच्या दुःखाने ओले होतात, तोच परक्यासाठी उपाशी राहू शकतो. ह्या गुरुजींविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती पुढे येईल.

खेळाच्या मैदानावरही हा प्रश्न उभा राहिला आहे. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्यास विश्वचषकाचा उपांत्य सामना प्रेक्षकांच्या दंग्यामुळे थांबवून श्रीलंकेला बहाल करण्यात आला. तेव्हा मुंबईचा विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. त्याचे ते चित्र घरोघरी दिसले, आणि कोणी हळहळले तर कोणी हसले. पुढे १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर ह्याने ओल्या डोळ्यांनी खेळाचा निरोप घेतला, तेव्हा सारा देश त्याच्याबरोबर गहिवरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यानेच पुरुषांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले आणि अश्रू दाखविण्यात लाज नाही असे सांगितले. पराजिताच्या अश्रूंना हसावयाचे आणि विजयी वीराच्या अश्रूंना मान द्यावयाचा, हा न्याय आपण मनाशी तपासून पाहावा.

३. शास्त्रातील पुरुष

आता शास्त्र उघडू. योसेफाच्या कथेत तो कितीदा रडला ते मोजून पाहा. हा एक उत्तम अभ्यास आहे. पहिल्या वेळी भाऊ त्याच्यासमोर आपल्या जुन्या अपराधाविषयी बोलू लागले, तेव्हा तो त्यांच्यापासून दूर वळून रडला. दुसऱ्या वेळी धाकट्या बन्यामिनाला पाहून त्याला भडभडून आले. तेव्हा तो आतल्या खोलीत गेला, तेथे रडला, तोंड धुतले, मन आवरून बाहेर आला आणि जेवण वाढावयास सांगितले. किती पुरुषांना ही खोली ठाऊक आहे! तोंड धुऊन बाहेर येण्याची ही विद्या आपल्यापैकी पुष्कळांना साधलेली आहे. परंतु त्या दोन्ही वेळी भाऊ परकेच राहिले. तिसऱ्या वेळी त्याला आवरेना. त्याने परक्यांना बाहेर पाठविले आणि तो इतक्या मोठ्याने रडला की मिसरी लोकांनी ते ऐकले. आणि त्याच वेळी त्याने आपण कोण ते सांगितले. लपविलेल्या अश्रूंनी जे झाले नाही ते उघड्या अश्रूंनी झाले. भाऊ भावाला मिळाला.

दावीद लढवय्या होता. सिकलाग गाव जळालेले आणि बायकामुले धरून नेलेली पाहून तो व त्याचे लोक अंगातील शक्ती संपेपर्यंत रडले, असे १ शमुवेल, अध्याय ३० मध्ये आहे. परंतु रडून ते तेथेच बसले नाहीत. उठले, पाठलाग केला आणि माणसे सोडवून आणिली. पुढे अबशालोम मेला तेव्हाचा दाविदाचा विलाप आपणांस ठाऊक आहे. यवाबाने येऊन त्याला खडसाविले की, तुझ्यासाठी लढलेल्या लोकांना तू लाजविलेस. ह्यात यवाबाचे अर्धे बरोबर होते. राजाने वेशीत बसावयास हवे होते, आणि दावीद उठून बसलाही. परंतु हा उपदेश करणारा यवाब कोण? अबशालोमाला ज्याने भाले मारिले, तोच. "रडू नको" असे सांगणारा दर वेळी रडणाऱ्याच्याच हितासाठी सांगतो असे नाही. पुष्कळदा आपल्याला ते रडणे सोसवत नाही म्हणून सांगतो. सांत्वनास जाणाऱ्या प्रत्येकाने हे मनात धरावे.

आता प्रभूकडे पाहू. बेथानीस लाजराच्या कबरेजवळ तो रडला. घटकाभरात लाजर बाहेर येणार हे त्याला ठाऊक होते. तरी मरीयेला आणि तिच्याबरोबर आलेल्यांना रडताना पाहून तो रडला. पाहणाऱ्यांनी त्यावरून त्याची दुर्बळता ओळखली नाही. त्याचे लाजरावर किती प्रेम होते हे ओळखले. आणि प्रेषित पौलाचा निरोप पाहा. मिलेत येथे इफिसच्या मंडळीचे वडील जमले. ते सर्व प्रौढ पुरुष, मंडळीचा कारभार पाहणारे. तीन वर्षे आपण अश्रू गाळीत बोध केला हे पौलाने त्यांना सांगितले, आणि निरोपाच्या वेळी ते सर्व त्याच्या गळ्यात पडून रडले. त्या किनाऱ्यावर "तू पुरुष आहेस" असे कोणी कोणाला म्हणाले नाही.

४. न रडलेले दुःख कोठे जाते?

ह्या पाठाचा सर्वांत गंभीर भाग हा आहे. दुःखाला डोळ्यांची वाट बंद केली म्हणून ते नाहीसे होत नाही. ते दुसरी वाट शोधते. आपल्या समाजाने पुरुषाला एक भावना मोकळेपणाने दिली आहे, ती म्हणजे राग. म्हणून पुष्कळ पुरुषांचे दुःख रागाचा वेष घेऊन बाहेर पडते. बैल मेला, कर्ज फिटले नाही, लेकाची नोकरी गेली, आणि मार बसतो तो बायकोला. काहींना शुद्धीत असता रडावयाची लाज वाटते, म्हणून ते दारूच्या आडोशाला जातात. प्यालेला मनुष्य रडला तर लोक म्हणतात, "त्याला चढली आहे," आणि सोडून देतात. अशा रीतीने अश्रूंसाठी दारूचा परवाना घ्यावा लागतो.

आणि काही अगदी गप्प होतात. हळद, सोयाबीन किंवा कापूस घेऊन मोंढ्यात आलेला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. सौद्यात भाव पडला. घेतलेल्या कर्जाचे व्याजही सुटणार नाही हे त्याला कळले. तो ओळखीच्यांबरोबर चहा पितो, कोणी विचारले तर "चाललंय बरं" म्हणतो, आणि रिकामी गाडी घेऊन घरी जातो. घरीही काही बोलत नाही, कारण घरच्यांनी त्याच्याकडेच पाहावयाचे असते. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली, तेव्हा असे गप्प चेहरे कोणी पाहिले नाहीत?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे दर दहांमध्ये सातांहून अधिक पुरुष. त्याच वर्षी शेतीवर जगणाऱ्या ११,२९० लोकांनी जीव दिला, त्यांपैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातील होते. ह्याची कारणे पुष्कळ आहेत. पावसाचा लहरीपणा, पडते भाव, सावकाराचे आणि बँकेचे कर्ज, आजारपण, घरगुती कलह ही कारणे रडून नाहीशी होत नाहीत, आणि ती दूर करणे हे सरकारचे व समाजाचे कर्तव्य राहतेच. परंतु रडणे कमी दर्जाचे मानणारी, म्हणून ज्याला दुःख सांगता येत नाही अशी पुरुषजात ह्या संकटात अधिक एकटी पडते, हे नाकारता येत नाही.

आता साने गुरुजींविषयी राहिलेली गोष्ट. ज्यांनी आयुष्यभर अश्रू लपविले नाहीत, त्यांनीही ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपविले. हे सांगताना मन जड होते. परंतु सत्य सांगावे. रडता आले म्हणजे सर्व काही साधले, असे कोणी समजू नये. अश्रू हे औषध नसून आत दुखत आहे ह्याची खूण आहेत. त्यापुढे ऐकणारा कान लागतो, सोबत लागते, आणि कित्येकदा वैद्याचा उपचार लागतो. मनाचा आजार हा तापाप्रमाणेच आजार आहे. अभ्यासकांनाही असेच आढळले आहे की, रडल्यावर मन हलके होते की नाही हे फार करून जवळच्या माणसांवर अवलंबून असते. जवळ बसून धीर देणारे कोणी असले तर मन हलके होते. हसणारे किंवा रागावणारे असले तर अधिकच जड होते. म्हणून प्रश्न रडणाऱ्यापुरता नाही. त्याच्याजवळ बसणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा : पुनरुत्थानाची आशा ज्याला आहे त्याने रडू नये, रडणे हा अविश्वास होय. मयतीच्या घरी असा उपदेश कधी कधी ऐकू येतो. परंतु थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नये असे लिहिले. शोकच करू नये असे लिहिले नाही. स्वतः प्रभू आशेचा धनी असून कबरेजवळ रडला, त्यापुढे आपण कोण?

दुसरा आक्षेप : पुरुष रडत बसला तर घर कोण चालवील? ह्याचे उत्तर सिकलाग येथे मिळाले आहे. रडले आणि उठले. ज्याला रडू दिले नाही तोच पुष्कळदा उठू शकत नाही.

तिसरा आक्षेप : मग प्रत्येक पुरुषाने रडलेच पाहिजे काय? मुळीच नाही. स्वभाव निरनिराळे असतात. कोणाचे दुःख डोळ्यांतून येते; कोणाचे रात्रंदिवस कामात राबणाऱ्या हातांतून. ज्याचे डोळे कोरडे त्याचे काळीज दगडाचे, असा नवा नियम आपण करू नये. तसेच लोकांनी पाहावे म्हणून आणलेले नक्राश्रू कोणाच्या कामाचे नाहीत. रोमच्या मंडळीला प्रेषिताने दिलेली आज्ञा, रडणाऱ्यांबरोबर रडावे, एवढीच आहे. तीत स्त्री-पुरुष हा भेद नाही.

६. मंडळीचे कर्तव्य

उपदेशक, वडील आणि घरोघरचे कर्ते ह्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्या.

(१) मयतीच्या घरी गेल्यावर आतल्या बायकांचे सांत्वन करून लगेच उठू नये. बाहेर बसलेल्या पुरुषाजवळही बसावे. "धीर धर" हे शब्द प्रथम बोलू नयेत. गेलेल्या माणसाविषयी विचारावे आणि त्याला बोलू द्यावे. तो गप्प राहिला तर आपणही गप्प बसावे. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवरच ते खरे मित्र होते.

(२) दफन झाल्यावर पाहुणे जातात. खरे एकटेपण त्यानंतर सुरू होते. पंधरा दिवसांनी, महिन्याने, आणि पुढल्या पेरणीच्या वेळी पुन्हा जावे. शेतात जाऊन त्याच्याबरोबर घटकाभर खुरपे धरल्यास तो जे बोलेल ते घरी बोलणार नाही.

(३) लहान मुलगा रडत असता "मुलगा असून रडतोस?" असे म्हणू नये, काय दुखते ते विचारावे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना योसेफाची कथा सांगताना त्याचे रडणे गाळू नये.

(४) पुरुषाच्या रागामागे दुःख असू शकते हे ओळखावे. परंतु त्या कारणाने त्याने घरच्यांवर हात उगारणे कधीही खपवून घेऊ नये. आधी बायको-लेकरांना सुरक्षित करावे, मग त्याच्याजवळ बसावे.

(५) एखादा पुरुष फार गप्प झाला, जेवण टाकले, झोप गेली, पिणे वाढले, देणी-घेणी एकाएकी मिटवू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला सरळ विचारावे, "जिवाचे काही बरेवाईट करावयाचा विचार मनात येतो काय?" विचारल्याने तो विचार मनात नव्याने येतो ही समजूत खोटी आहे. त्याला एकटे सोडू नये आणि दवाखान्यात न्यावे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा व रात्री मराठीतून फुकट बोलता येते. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ साली प्रेरणा प्रकल्पही सुरू केला. हा क्रमांक प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

(६) उपदेशकांनी आपलेही मन जपावे. दहा घरांचे दुःख वाहणाऱ्या माणसालाही आपले दुःख सांगावयास एक घर हवे. पौलाला मिलेतच्या किनाऱ्यावर मित्र होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. योसेफ पहिल्या दोन वेळी लपून आणि तिसऱ्या वेळी उघड रडला. ह्या दोहोंच्या परिणामांत काय अंतर पडले?

२. यवाबाच्या बोलण्यात योग्य काय होते आणि अयोग्य काय होते?

३. आपल्या गावी पुरुषाने कोणत्या प्रसंगी रडले तर चालते आणि कोणत्या प्रसंगी चालत नाही? हा भेद कोणी व का केला असावा?

४. मागील वर्षात आपल्या मंडळीतील कोणत्या पुरुषांवर दुःख ओढवले? दफनानंतर त्यांच्या घरी किंवा शेतावर कोण गेले? अद्याप कोणी गेले नसेल तर ह्या आठवड्यात कोण जाईल, हे सभा उठण्यापूर्वी नावे घेऊन ठरवावे.